भागोजी पाष्ट्यांची पोथी

मला गप्प बसलेलं माणूस सोसत नाही. याला स्वभाव म्हणा, नाहीतर नोकरीचा परिणाम म्हणा. उभी हयात मी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल लागायचा, इकडे आई, तिकडे मुंबईतला मुलगा. दोघंही दोनदा 'हॅलो हॅलो' करायची आणि मग गप्प! तिकडे मिनिटं चाललीत आणि इथे यांना हुंदका आवरत नाहीये. मी मध्येच तोंड घालून सांगायची, "अहो बोला, बोला! रडायचंय ते मग घरी जाऊन रडा." माझ्याविरुद्ध तक्रारीही गेल्या. गेल्या तर गेल्या.

अशा बाईसमोर देवाने भागोजी पाष्टे आणून बसवले. एक परिच्छेद वाचायचा आणि थांबायचं. परत एक वाचायचा, परत थांबायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय बिचाऱ्याचा.

हे सगळं आमच्या 'पुनश्च'मध्ये. राम आळीच्या मागच्या बोळात पूर्वी एका तेलाच्या व्यापाऱ्याची पेढी होती, तिथे आता हे दुकान आहे. लोकांनी दिलेल्या वस्तू विकायच्या आणि त्या पैशातून सिव्हिलला आलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांच्या राहण्या-जेवणाची सोय करायची, असा एका ट्रस्टचा उद्योग. पुढच्या खोलीत साड्या, पितळी भांडी, गाणारे आणि न गाणारे रेडिओ. मधल्या खोलीत जुनी पुस्तकं. आणि मागच्या पडवीत चार टेबलं टाकून चहा, घावणे आणि कोकम सरबत. त्या पडवीला सावनी 'कॅफे' म्हणते. सावनी म्हणजे दुकान सांभाळणारी मुलगी. मुलगी कसली, पस्तिशीची आहे, पण मला या वयात सगळ्या मुलीच वाटतात.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती सामान द्यायला. झाडगावातलं आमचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आईचं घंगाळ कुठे ठेवणार? दिलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेले तर घंगाळावर किमतीची चिठ्ठी! एक बाई ते उचलून बघत होती, तिला म्हटलं, "घेऊ नका हो, गळतं ते." अजिबात गळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी परत गेले. सावनीने ओळखलं, ही म्हातारी रोज येऊन गिऱ्हाइकं पळवणार, त्यापेक्षा आत घेतलेली बरी. तिने मला पुस्तकं लावायच्या कामाला बसवलं.

आणि काय सांगू, मी तिथे रमलेच. पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर अख्खं घर भेटतं. 'चि. कुसुम हिस वक्तृत्व स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाल्याबद्दल.' ही कुसुम खालच्या आळीतली, माझ्या वर्गात होती, बोलायला लागली की बाईसुद्धा खिडकीबाहेर बघायच्या. एका पाककृतीच्या पुस्तकात हळदीची बोटं उमटलेली. एकात एस.टी.चं तिकीट, रत्नागिरी ते दापोली, त्या जुन्या पातळ कागदाचं, भोक पाडलेलं. ज्या घरांतून ही पुस्तकं आली त्यातली निम्मी घरं आता उभी नाहीत. दुपारी एकटी असले की मी ती नावं मोठ्याने वाचते. कोणीतरी हाक मारलेली बरी असते नावाला.

भागोजी तिथे माझ्या आधीपासून होते. लांज्याच्या आतल्या बाजूचं गाव, घरी थोडी भातशेती. तरुणपणीच गिरगावातल्या एका छापखान्यात बाइंडर म्हणून लागले आणि म्हातारे होऊनच परत आले. इथे आले होते फाटक्या पुस्तकांना खळ लावायला. चहावाला पोरगा सोडून गेला तेव्हा एक दिवस सावनीने त्यांना चहा करायला सांगितला आणि मग तो चहा कोणी त्यांच्या हातून काढून घेतला नाही. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि बोलणं इतकं हळू की माझा जीव वर-खाली व्हायचा.

त्यांची बायको चिमा. रोज दुपारी त्यांचा मुलगा निलेश आपल्या रिक्षातून तिला आणून सोडायचा. पडवीत खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यात ती बसायची. खरं तर ती खुर्ची विकायला आली होती. पण चिमा तिच्यात एकदा बसली आणि सावनीने तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढून टाकली. इवलीशी बाई, पाय मात्र सुजलेले, लुगड्याखाली झाकून घ्यायची. अक्षरओळख नाही. पण डोळे असे की माझ्यासारखीनेही तोंड उघडायच्या आधी विचार करावा.

तिच्यासाठी भागोजी वाचायचे. गणपती झाल्यावर त्यांनी एक कादंबरी सुरू केली. तिला ना पुठ्ठा, ना पहिली पानं. नाव काय, लिहिली कोणी, कशाचा पत्ता नाही. गोष्ट एका सरूची. खाडीकाठचं गाव, नवरा जहाजावरून आफ्रिकेला गेलेला, ही मागे घर सांभाळते. पण भागोजी ती कादंबरीसारखी वाचतील तर शपथ! हात धुवायचे, पुस्तक कपाळाला लावायचं, स्टुलावर पंचा घालून त्यावर ठेवायचं, आणि श्रावणात पोथी वाचतात त्या चालीवर सुरू. "आणिऽ सरू विहिरीवर गेलीऽऽ..." गावाकडे पोथीची पद्धतच तशी ना, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा. भागोजी वाचणारे आणि अर्थ सांगणार चिमा. म्हणून ते थांबायचे.

हे मला सावनीने समजावून सांगितलं, कारण पहिल्या आठवड्यात मी दोनदा मध्येच ओरडले होते, "अहो, पुढे वाचा की!"

आणि चिमाचा अर्थ काय विचारता! लेखकाने अर्धं पान भरून लिहिलेलं असायचं, सरूच्या नेत्रांतून अश्रूंच्या धारा, अंतःकरणात वादळ वगैरे. भागोजी थांबायचे. चिमा म्हणायची, "म्हंजे भूक लागलीया तिला. सकाळपासून नुसत्या पान्यावर हाय ती. रडंल न्हाय तर काय करंल?" मागची चार पानं उलटून बघितली तर खरंच, सरू त्या दिवशी जेवलेली नव्हती. हे लेखकाच्या तरी लक्षात होतं की नाही, कोण जाणे.

हळूहळू लोक जमायला लागले. कॉलेजच्या मुली, पेन्शनर, सिव्हिलमधून दमून आलेले नातेवाईक. घावणे खाता खाता ऐकायचे. सरूच्या सासऱ्याला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. नवरा येणार की नाही यावर दोन तट पडले. मी 'येणार नाही' या बाजूची. "शिंचा तिकडे दुसरी करून बसला असेल," असं मी म्हटलं की भागोजी मान खाली घालायचे आणि चिमा गालात हसायची.

पौष लागला तशी गाडी अडली. आधी रोज दहा-बारा पानं व्हायची, ती दोनावर आली. मग एकावर. मग तर कालचंच पान आज. सरू विहिरीवर गेली, तिने घागर बुडवली, आणि तिला वाटेवर कोणीतरी येताना दिसलं. पुढे काय? पुढे काही नाही, भागोजी पुस्तक मिटून चहा टाकायला उठायचे. दुसऱ्या दिवशी सरू परत विहिरीवर.

"भागोजीभाऊ, हे काल झालं."

"झालं? मंग परत ऐकू, ताई. चांगलं हाय."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. उरलं होतं जेमतेम एक प्रकरण. शेवटी एका मंगळवारी, चिमा निलेशच्या रिक्षातून घरी गेल्यावर, मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "येत्या शनिवारी पोथीची समाप्ती. प्रसादाचा शिरा मी करणार. सगळ्यांनी यायचं." टाळ्या पडल्या. सावनीने बाहेरच्या फळ्यावर लिहिलंसुद्धा. मी मोठ्या ऐटीत भागोजींकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. 

बुधवारी दोघंही आली नाहीत. गुरुवारी नाहीत. सावनीने केलेला चहा पिऊन एक गिऱ्हाईक शिल्लक राहीना.

शुक्रवारी दुपारी भागोजी एकटेच आले. पडवीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि उभेच राहिले.

"पोथी बंद करतो, ताई."

"बंद करता? एक प्रकरण उरलंय आणि बंद करता? तुम्हीच म्हणता ना, लावलेली पोथी अर्धी सोडू नये म्हणून?"

ते किल्लीकडेच बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, बोला!" तशी ते पुस्तकांच्या गठ्ठ्यावरच बसले.

"डॉक्टरनी सांगितलंय, ताई. हिचं हृदय दमलंय. पायात पानी धरतंय ते त्यामुळं. औषध चालू ठेवा म्हनले, पन आता दिस काय फार न्हायत, असं म्हनले. हिला ठावं न्हाय. निलेशला आनि मला तेवडं ठावं." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "आमच्याकडं रीत हाय. पोथीला बसलेलं मानूस समाप्ती झाल्याबिगर उठत न्हाय. माजी आजी श्रावणात तापानं फणफणली होती. सगळे म्हनले, आज जाते, उद्या जाते. पन पोथीला बसलेली ना! म्हैनाभर टिकली. समाप्तीचा परसाद खाल्लान आनि दुसऱ्या दिवशी गेली. मी डोळ्यांनी बगितलंय."

ते पुढे सांगत गेले.

"उभा जन्म मी गिरगावात काढला, ताई. आमचा संसार म्हंजे शिमगा आनि गनपती. बाकी वर्सभर ही एकटी. शेती हिनं केली, पोरं हिनं वाडवली, माज्या आईचं मरन हिनं काढलं. मी रिटायर झालो तवा वाटलं, आता बसू दोगं निवांत. आता कुठं बसलोय ओ! मी ती पोथी संपवू कशी?"

आणि मग त्यांनी मला असं विचारलं, जणू मी ऑपरेटर आहे आणि लाइन माझ्या हातात आहे. "मी न्हाय संपवली, तर न्हाय ना जायची ती?"

 कोणाला वाटेल, असल्या समजुतीवर कोण विश्वास ठेवतं. मी ठेवला. त्या क्षणी मी त्यांच्यापेक्षा जास्त ठेवला. उठून बाहेर गेले आणि फळ्यावरचं 'शनिवारी समाप्ती' पदराने पुसून टाकलं. परत येऊन म्हटलं, "भागोजीभाऊ, सरू विहिरीवरच राहू दे. उन्हाळाभर राहू दे. कोणी काही बोलला तर मी बघते त्याच्याकडे." ते गेल्यावर मी मधल्या खोलीत जाऊन रडले. सावनीला सांगितलं, धुळीने डोळे आलेत.

शनिवारी निलेशची रिक्षा बोळात आली आणि तिच्यातून चिमा उतरली. नेसायला हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. मागून भागोजी, पडलेल्या चेहऱ्याने. ती भिंतीला धरत धरत पडवीत आली, खुर्चीत बसली, श्वास आवरेपर्यंत थांबली आणि मला म्हणाली, "शिरा कुठाय?"

"कसला शिरा?"

"समाप्तीचा. निलेशनं फळा वाचलान. ह्यांनी मला काय सांगितलं न्हाय, पन निलेश बोलून गेला."

मी म्हटलं, "रवा नाही मिळाला हो."

"अख्ख्या रत्नागिरीत रवा न्हाय?"

सावनी तोंड फिरवून उभी राहिली. चिमाने भागोजींकडे बघितलं. चिडून नव्हे, मुलाची चोरी पकडल्यावर आई बघते तसं.

"मला अडानी समजताव व्हय? वाचता येत न्हाय, पन ऐकायला येतं ना? ती सरू पंधरा दिस झाले विहिरीवर हुबी हाय. घागर भरून वाहून गेली असंल तिची. हात भरून आले असतील. तिचा कोन इचार करतंय?"

"चिमे..."

"मला ठावं हाय सगळं. माजं शरीर हाय, मला न्हाय ठावं हुनार तर कोनाला? डॉक्टरनं तुमच्या कानात सांगितलान, माज्या छातीत तो रोज सांगतो." जरा थांबली, श्वास घेतला. "मला बसवत न्हाय आता फार येळ. पाय ओडतात. शेवट काय झाला त्ये ऐकल्याबिगर मला ऱ्हवंल काय? वाचा."

भागोजी उठले. हात धुतले. फार वेळ धुतले. पुस्तक कपाळाला लावलं, पण चाल काही लागेना. शाळेतल्या पोरासारखं एकेक वाक्य सपाट वाचत गेले. टेबलावरची माणसं खायची थांबली.

वाटेवरून आलेला माणूस तोच होता, तिचा नवरा. म्हातारा झालेला, हातात एक पत्र्याची पेटी. पण सरू त्याला विहिरीवर भेटलीच नाही, मागच्या वाटेने घरी निघून गेली. तो सगळ्या गावात विचारत विचारत घरापर्यंत पोचला. सरू अंगणात भात वाळत घालत होती. तो येऊन तिच्यापुढे उभा राहिला. तिने वर न बघता म्हटलं, "बाजूला व्हा. भातावर सावली पडत्ये." बस्स. इथे पुस्तक संपलं.

"हा काय शेवट झाला?" मी उसळलेच. "एवढा आफ्रिकेहून आला मेला, आणि ही म्हणते बाजूला व्हा? चार शिव्या तरी घालायच्या! नाहीतर गळ्यात तरी पडायचं!"

भागोजी थांबले होते. वाचणारा थांबला की दुसऱ्याने अर्थ सांगायचा. सगळी पडवी थांबली. मीसुद्धा.

"म्हंजे तिनं त्याला घरात घेतला," चिमा म्हणाली.

"तो कसा?"

"परक्या मानसाला 'या, बसा' म्हनतात, ताई. पाट देतात, पानी देतात. 'बाजूला व्हा' आपल्याच मानसाला म्हनतात." मग ती माझ्याशी बोलत होती की नवऱ्याशी, कळलं नाही. "ह्ये मुंबईसून येयाचे ना, तवा पयले दोन दिस मला लाज वाटायची. 'बसा' म्हनायची मी ह्यांना. पावण्यासारकं. तिसऱ्या दिवशी जरा घरात काम करताना 'बाजूला व्हा' तोंडात येयाचं. आनि चौथ्या दिवशी ह्यांची येष्टी."

भागोजी पुस्तकावर डोकं ठेवून रडायला लागले. कोणी त्यांना गप्प केलं नाही. रडायचंय ते मग रडा, असं मी म्हणाले नाही. मी चहाच्या ओट्यावरचा साखरेचा डबा उचलला आणि सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवत गेले. चिमाने डोळे मिटून साखर खाल्ली. भागोजींनी मूठ मिटून ठेवली, तोंडात घालेनात. तिने त्यांची मूठ उघडली आणि साखर स्वतःच त्यांच्या तोंडात घातली.

मग ती टेबलाला धरून उठली. निलेश बाहेर रिक्षा चालू करून थांबला होता. भागोजी तिच्या आधी दरवाजाशी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पुढे करून, तिला धरायला, की अडवायला, देव जाणे. दार अरुंद, दोघं एकदम मावत नव्हती. ती एकेक पाऊल टाकत त्यांच्यापर्यंत आली. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं.

"बाजूला व्हा," चिमा म्हणाली.

आणि भागोजी बाजूला झाले.